नवा नाकतोडा सापडला, पुढे काय? पुण्याच्या टेकड्यांवरून येणारे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी गणपती उठले की माझ्या फोनवर नाकतोड्यांचे फोटो यायला लागतात. वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाचा पायथा, बोपदेव घाट, कधी कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीची जाळी. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "सर, ही नवीन प्रजाती आहे का?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देणं म्हणजे विचारणाऱ्यावर अन्याय. म्हणून वर्षानुवर्षांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

शब्दांबद्दल एक खुलासा आधीच करतो. मराठी विश्वकोशात 'जाती' हा शब्द स्पीशीजसाठी आणि 'प्रजाती' हा जीनससाठी वापरला आहे. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात मात्र स्पीशीजलाच 'प्रजाती' म्हणायची पद्धत पडली आहे. मी इथे बोलण्यातलाच अर्थ घेतला आहे. त्यावरच्या पातळीला जीनस म्हटलं आहे, म्हणजे घोटाळा नको.

हा नाकतोडा आहे, टोळ आहे की रातकिडा?

मिशा बघा. गवतात टुणकन उडणाऱ्या साध्या नाकतोड्याच्या आणि टोळाच्या मिशा आखूड, जाडसर असतात. ज्याच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक आणि अंगापेक्षाही लांब, तो लांब मिशांचा नाकतोडा. इंग्रजीतून आलेलं 'कॅटीडिड' हे नावही आता आपल्याकडे रुळलं आहे. शास्त्रात या कुळाला टेटिगोनिडी म्हणतात आणि जगभरात त्याच्या सात हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे.

रातकिडा याचा जवळचा भाऊबंद. त्याच्याही मिशा लांबच असतात. फरक बघायचा तर पायाच्या टोकाशी बघा: रातकिड्याच्या पावलाला तीन सांधे, कॅटीडिडच्या पावलाला चार. मादीचं अंडी घालायचं अवयव रातकिड्यात सुईसारखं गोल असतं, कॅटीडिडमध्ये तलवारीसारखं किंवा कोयत्यासारखं चपटं. बरेच जण हा भाग पाहून "डंख आहे का?" असं विचारतात. तो डंख नव्हे. मोठे कॅटीडिड जबड्याने चिमटा मात्र जोरात काढतात. विष नसतं.

फोटो पाठवतो, नवी प्रजाती आहे का ते सांगाल का?

फोटोवरून मी बहुतेक वेळा जीनसपर्यंत पोचतो, कधी कधी तेवढंही जमत नाही. पानासारखा हिरवागार कॅटीडिड पाठीवरून टिपला असेल, तर त्यात पुढचं काही कळायला जागाच नसते. फोटो काढायचाच तर चार काढा: पाठीवरून, बाजूने, समोरून चेहरा आणि शेपटीचा शेवटचा भाग जमेल तितका जवळून. नराच्या शेपटीशी चिमट्यासारखे दोन अवयव असतात, त्यांना सर्काय म्हणतात. त्यांचा बाक, टोकाचा दात, जाडी यावर अर्धी ओळख अवलंबून असते. हे अवयव दिसले की मी खुर्चीत पुढे सरकतो.

बरेचदा फोटोतला किडा प्रौढही नसतो. आषाढ-श्रावणात दिसतात ती पिल्लं. ती प्रत्येक कातीनंतर रंग-रूप बदलतात आणि पिल्लावरून प्रजातीचं वर्णन करायचं धाडस कुणी करत नाही. काही प्रजातींमध्ये प्रौढांचेच पंख आखूड असतात. त्यामुळे "हे पिल्लू की आखूड पंखांचा प्रौढ?" हा प्रश्न नेहमी पडतो. त्याची खूण सोपी आहे. मोठ्या पिल्लाच्या पाठीवर पंखांचे जे कोंब असतात, त्यांत मागचा कोंब पुढच्यावर चढलेला असतो. शेवटची कात टाकली की ते उलटतात आणि पुढचे पंख वर येतात. भिंगातून एकदा बघितलंत तर पुन्हा चुकणार नाही.

गुलाबी रंगाचा सापडला. हा तर नक्कीच नवा?

नाही. कॅटीडिडमध्ये गुलाबी रंग अधूनमधून जन्मतःच येतो. तसंच एकाच प्रजातीत काही जण हिरवे, काही वाळक्या गवताच्या रंगाचे असतात. रंगावरून नवी प्रजाती ठरत नाही. फोटो मात्र जरूर पाठवा, गुलाबी कॅटीडिड बघायला कुणाला आवडणार नाही!

मादीच्या शेपटीला पांढरा, चिकट गोळा लागलेला दिसतो. रोग आहे का?

ती नराने दिलेली शिदोरी आहे. मीलनाच्या वेळी नर शुक्राणूंच्या पिशवीबरोबर प्रथिनांनी भरलेला हा गोळा मादीला चिकटवतो. पुढचा बराच वेळ मादी मान वळवून तो खात बसते आणि तेवढ्या वेळात शुक्राणू आत पोचतात. काही प्रजातींत तो नराच्या वजनाचा चांगला मोठा हिस्सा असतो. तिला हलवू नका, खाऊ द्या.

मग नवी प्रजाती म्हणायची तरी कशावरून?

'सापडणं' आणि 'वर्णन होणं' यांच्यातलं अंतर इथे सुरू होतं. किडा आपल्याला पहिल्यांदा दिसला म्हणजे तो शास्त्राला नवा ठरत नाही. या जीनसमध्ये आजवर नाव दिलेल्या प्रत्येक प्रजातीपेक्षा तो वेगळा आहे हे दाखवावं लागतं. 'प्रत्येक' हा शब्द जड आहे. जीनसमध्ये वीस प्रजाती असतील तर वीसही मूळ वर्णनं वाचायची, शक्य असेल तिथे मूळ नमुने किंवा निदान त्यांचे फोटो बघायचे, आणि मग आपल्या किड्याशी एकेक मुद्दा ताडून बघायचा.

बघायचे मुद्दे असे: डोक्याच्या टोकाचा आकार, मानेवरच्या ढालीची लांबी आणि कडा, पुढच्या पायावरचे कान उघडे की फटीसारखे झाकलेले, मांड्यांवरचे आणि गुडघ्याखालच्या नळ्यांवरचे काटे किती व कुठे, नराची सर्काय, पोटाखालची शेवटची पट्टी, मादीच्या तलवारीची लांबी आणि धारेवरचे दाते. कान पायावर असतात हे ऐकून शाळेतली मुलं हसतात, पण ते खरं आहे. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या जरा खाली ते असतात. रात्री डोक्याला लावलेल्या दिव्याच्या उजेडात पाय आडवा धरला की पातळ पडदा चकाकताना दिसतो.

मापं मिलिमीटरमध्ये आणि एकाहून जास्त नमुन्यांवरून घेतात. एकच नर हाती असेल तर तो त्या प्रजातीतला बुटका आहे की प्रजातीच बुटकी आहे, हे सांगता येत नाही.

हे सगळं केल्यावर दहापैकी बहुतेक वेळा निघतं काय, तर आपला 'नवा' किडा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवलेला आहे. आमच्या गटाचंही एकदा तसंच झालं. दोन पावसाळे आम्ही एका कॅटीडिडला नवा समजत होतो. जुन्या वर्णनात फक्त मादी होती, चित्रही मादीचंच. आमच्याकडे सगळे नर. शेवटी त्याच झुडपावर मादी मिळाली आणि ती वर्णनाशी जुळली. मला तो दिवस वाईट वाटला नाही. त्या प्रजातीचा नर तोवर कुणाला माहीत नव्हता आणि आता तो दाखवता येणार होता.

गाण्याला तुम्ही एवढं महत्त्व का देता?

कारण मादी नराला बहुधा गाण्यावरूनच ओळखते. आपण सर्काय आणि काटे मोजत बसतो. तिला अंधारात ते दिसत नाहीत. तिच्या लेखी प्रजाती म्हणजे ठेका.

गाणं निघतं पंखांतून. नराच्या डाव्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला करवतीसारखी दातेरी शीर असते. उजव्या पंखाची कड तिच्यावर घासते आणि उजव्या पंखावरचा 'आरसा' नावाचा पातळ पारदर्शक पडदा तो आवाज मोठा करतो. कॅटीडिडचा डावा पंख वर असतो, रातकिड्याचा बहुधा उजवा. ही करवत सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला जुन्या लाकडी फणीची आठवण झाली. मधले दाते रुंद, दोन्ही टोकांना बारीक आणि दाट होत गेलेले. काही प्रजातींत ते काही डझन असतात, काहींत शंभरावर. ते मोजायचे, त्यांच्यातलं अंतर मोजायचं आणि वर्णनात लिहायचं.

पण करवत म्हणजे गाणं नव्हे. चीनमध्ये सापडलेल्या एका कॅटीडिडच्या जीवाश्मावरून हे फार छान कळतं. १६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या पंखाचं नाव आर्काबॉयलस म्युझिकस. दगडात करवत शाबूत राहिली होती आणि तिच्यावरून संशोधकांनी २०१२ साली काढलं की तो सुमारे ६.४ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६,४०० कंपनांच्या सुरात, गात असावा. सूर मिळाला. पण तो किती वेळ गायचा, कितव्या ठोक्यानंतर थांबायचा, हे दगड सांगू शकत नाही. ते फक्त जिवंत नरालाच ठाऊक असतं.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. मेकोपोडा हा पानासारखा मोठा कॅटीडिड. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने दक्षिण भारतातले मेकोपोडा ऐकले, तेव्हा बाह्यरूपावरून वेगळे काढता न येणाऱ्या किड्यांत पाच निरनिराळी गाणी निघाली. एखाद्या संग्रहालयाच्या पेटीत टाचलेले असते तर ते सगळे एकाच नावाखाली एका रांगेत बसले असते.

म्हणून मी ज्याला त्याला सांगत असतो: आधी गाणं, मग किडा. हे मला शिकवलं माझ्याच चुकीने. सिंहगडाच्या उतारावर कारवीच्या पानावर एक नर बसला होता, मिशा पुढे ताणून, पंख जरासे उचललेले, गाण्याच्या तयारीत. मी तो पटकन बाटलीत घेतला आणि जागीच अल्कोहोलमध्ये घातला. घरी आल्यावर भिंगाखाली त्याची सर्काय पाहिली आणि अंगावर काटा आला, असं काही मी पूर्वी बघितलंच नव्हतं. पण तो आता गाणार नव्हता. चार दिवसांत त्याचा हिरवा रंगही उतरून पिवळट तपकिरी झाला. त्या जागी मी नंतर पुष्कळ रात्री गेलो. कारवीच्या त्याच झुडपापाशी उभं राहून कान दिला. आजही माझ्याकडे त्याचं शरीर आहे आणि गाणं नाही, आणि जोवर ते नाही तोवर त्या नमुन्याबद्दल छातीठोकपणे काही लिहायला माझा हात धजत नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल?

काही नसण्यापेक्षा नक्कीच चांगलं. पण मर्यादा समजून घ्या. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढेल तसं त्याहून कमी. अनेक कॅटीडिडच्या गाण्याचा मोठा भाग याच्या वर असतो. कोलंबिया आणि इक्वाडोरमधल्या सुपरसोनस या जीनसची २०१४ साली नोंद झाली. त्यातली एक प्रजाती १५० किलोहर्ट्झवर गाते. उलट टोकाला आपल्या पश्चिम घाटातला ओनोमार्कस, जो झाडाच्या शेंड्यावरून सुमारे ३.२ किलोहर्ट्झच्या खालच्या सुरात हाक देतो.

रेकॉर्डर सेकंदाला जितक्या वेळा आवाजाची नोंद घेतो, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज त्याला पकडता येतो. मोबाइल साधारण ४८ हजार वेळा नोंद घेतो, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या पुढे तो बहिरा. ऑडिओमॉथसारखं काडेपेटीएवढं यंत्र ३ लाख ८४ हजारांपर्यंत जातं. कॉलेजच्या मुलांनी चार जणांत मिळून एक घेतलं तरी पुष्कळ काम होतं. नंतर संगणकावर ऑडॅसिटी किंवा रेव्हन या सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज चित्ररूपात उघडून ठोके मोजता येतात.

रेकॉर्डिंग करताना तापमान बोलून ठेवा. ही गोष्ट शंभरातले नव्वद जण विसरतात. कॅटीडिड थंड रक्ताचा प्राणी आहे. हवा गार असली की त्याचा ठेका मंदावतो, उकाडा असला की वाढतो. कार्तिकातल्या थंड रात्री तळजाईवर घेतलेलं आणि भाद्रपदात उकाड्यात घेतलेलं गाणं दोन प्रजातींचं वाटू शकतं. "आत्ता सव्वानऊ वाजलेत, तापमान २२ अंश, किडा करवंदीच्या जाळीत कमरेच्या उंचीवर, मी हातभर अंतरावर" एवढं तुमच्याच आवाजात फाइलच्या शेवटी बोला.

गणपतीच्या आधी महिनाभर नदीकाठी ढोल-ताशाचा सराव चालतो आणि शहरातल्या कुठल्याही टेकडीवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो येतोच. त्याने खट्टू होऊ नका. ढोलाचा आवाज फार खाली असतो, कॅटीडिडचा फार वर. खालचा भाग गाळून टाकला की किडा स्वच्छ ऐकू येतो.

पण त्याला मारावंच लागतं का? फोटो आणि गाणं पुरेसं नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याबद्दल माझ्या मनात आदर असतो. कुणालाही जीव घेताना बरं वाटत नाही, मलाही नाही.

प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रजातीला नाव वाहणारा नमुना ठरवून दिलेला असला पाहिजे. एकच नमुना नावाचा धनी असेल तर त्याला होलोटाइप म्हणतात आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे तेही लिहावं लागतं. सोबतचे बाकीचे नमुने पॅराटाइप. उद्या कुणाला शंका आली, की पुण्याजवळचा हा आणि कोयनेकडचा तो एकच आहेत, तर होलोटाइप काढून बघता येतो. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला केवळ फोटोंवरून नाव दिलं गेलं आणि जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. पन्नास वर्षांनी नवा मुद्दा महत्त्वाचा ठरला, आणि तो फोटोत आलेलाच नसला, तर पुन्हा बघायचं काय? शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना डीएनए माहीत नव्हता, पण त्यांनी किडा जपून ठेवला म्हणून आज आपण त्याचा पाय तपासू शकतो.

तेव्हा गरज असेल तेवढेच घ्यायचे. काही नर, काही मादी, एकाच जागेवरून सगळे नाही. पिल्लं सोडून द्यायची. आणि घेतला तर त्याचं पूर्ण काम करायचं. नुसते बाटल्या भरून ठेवणारे संग्रह मला सहन होत नाहीत. एका महाविद्यालयात मी असं कपाट पाहिलं आहे: पन्नासेक बाटल्या, अल्कोहोल उडून गेलेलं, चिठ्ठ्यांवरची शाई विरघळून निळं पाणी झालेलं. त्यातला एकेक किडा कुणीतरी रात्री भिजत उभं राहून धरला असेल. कुठला, कधीचा, काही कळायला मार्ग नाही. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेन्सिल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही.

पकडायला परवानगी लागते का?

ताम्हिणी, भीमाशंकर, सुप्याचं मयूरेश्वर अशा अभयारण्यांत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, पडलेलं पीससुद्धा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. टेकड्यांचा बराचसा भागही वन विभागाकडे आहे, तिथेही आधी विचारा. बघायला, ऐकायला आणि रेकॉर्ड करायला मात्र दिवसाउजेडी खुल्या असणाऱ्या वाटा, सोसायटीची बाग, शेताचा बांध, काहीही चालतं. शेतमालकाला मात्र सांगून जा. अंधारात टॉर्च घेऊन बांधावर वाकलेला माणूस पाहून कुणीही काठी घेऊन येईल.

नमुना परदेशात पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. परदेशी मित्राला पोस्टाने किड्याचा पाय पाठवून देणं हा सरळ कायदेभंग आहे. भाबडेपणाने लोक तो करतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जुने मूळ नमुने कुठे आहेत?

बरेचसे युरोपात. भारतातले कॅटीडिड एकोणिसाव्या शतकात बोटीने लंडनला, व्हिएन्नाला, पॅरिसला गेले. व्हिएन्नाच्या ब्रुनर फॉन वॅटनविल यांनी १८७८ आणि १८९५ साली या किड्यांच्या दोन मोठ्या गटांवर जे ग्रंथ लिहिले, त्यांच्याशिवाय आजही पान हलत नाही. त्यांतली प्रजातींची वर्णनं लॅटिनमध्ये आहेत. ब्रिटिश काळातल्या भारतीय प्राणिसृष्टीच्या मालिकेत १९१४ साली आखूड मिशांच्या नाकतोड्यांवर खंड निघाला. लांब मिशांच्यांच्या वाट्याला तसा खंड आला नाही, आणि त्यामुळे आपल्याकडे कॅटीडिड ओळखणारी माणसं फार थोडी राहिली.

आता ऑर्थोप्टेरा स्पीशीज फाइल या संकेतस्थळावर अनेक मूळ नमुन्यांचे फोटो आणि काहींची गाणीसुद्धा फुकट बघायला-ऐकायला मिळतात. माझ्या उमेदीच्या काळात हे असतं तर, असा विचार रोज मनात येतो.

डीएनए काढला की निकाल लागतोच ना?

मदत होते, निकाल लागत नाही. सर्रास वापरतात तो सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. तुलनेला आधीच्या प्रजातींचे तुकडे माहितीसाठ्यात असले तर त्याचा उपयोग, आणि भारतीय कॅटीडिडचे ते फार कमी आहेत. शिवाय नाकतोड्यांच्या गोतावळ्यात या जनुकाच्या निकामी नकला पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेल्या असतात. चुकून नक्कल वाचली गेली की एकाच प्रजातीच्या दोन प्रजाती दिसायला लागतात. डीएनए, शरीर आणि गाणं तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर मला झोप लागते.

पुण्यात नमुना कुठे द्यायचा?

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. संस्था १९१६ सालची, मुख्यालय कोलकात्याला. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने नेमून दिलेल्या संस्थेला ती कळवून तिचे नमुने तिथे जमा करणं बंधनकारक आहे, आणि प्राण्यांसाठी ही संस्था तशी नेमलेली आहे. होलोटाइप घरच्या कपाटात ठेवणं म्हणजे गावची विहीर कुंपणात घेण्यासारखं आहे.

नाव कसं देतात? आईचं देता येईल?

देता येईल. व्यक्तीच्या नावावरून द्यायचं तर पुरुषासाठी शेवटी 'आय', स्त्रीसाठी 'ए-ई' ही लॅटिन अक्षरं लागतात, ठिकाणासाठी 'एन्सिस'. विशेषणासारखं नाव असेल तर त्याचं लिंग जीनसप्रमाणे बदलतं. युरोपातल्या मोठ्या हिरव्या कॅटीडिडला, शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये ग्रायलस या पुल्लिंगी जीनसमध्ये घातलं, तेव्हा तो 'व्हिरिडिसिमस' होता. आज तो टेटिगोनिया या स्त्रीलिंगी जीनसमध्ये आहे आणि नाव झालं 'व्हिरिडिसिमा', म्हणजे अतिशय हिरवी.

स्वतःचं नाव स्वतःच देणं नियमात बसतं, पण ते सहसा कुणी करत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर किड्याच्या एखाद्या गुणावरून किंवा तो जिथे गातो त्या जागेवरून नाव द्यावं.

पेपरात बातमी आधी देऊ का?

नको. वर्णनाशिवाय छापलेलं नाव शास्त्रात उघडं पडतं, त्याला मान्यता नसते आणि पुढच्यांचा गोंधळ होतो. आधी तज्ज्ञांनी तपासलेलं नियतकालिक, मग बातमी. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापणार असाल तर छापण्याआधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी आणि ती नोंद लेखातही दिसली पाहिजे, हा २०१२ पासूनचा नियम आहे. आणि दुसरं कुणी त्याच किड्यावर काम करतंय असं कळलं तर त्याला फोन करा. घाई करून पुढे जाणं हे नियमांच्या आचारसंहितेलाही धरून नाही.

मी शास्त्रज्ञ नाही, बँकेत नोकरी करते. माझा काय उपयोग?

फार मोठा. कॅटीडिड रात्री गातात आणि संशोधक सगळीकडे एकाच रात्री असू शकत नाहीत. एका ताईंनी आपल्या बाल्कनीतून दर रविवारी रात्री नऊला पाच मिनिटं असं तीन पावसाळे रेकॉर्डिंग केलं. कोणती हाक कोणत्या आठवड्यात सुरू होते आणि कधी थांबते, हे त्यांच्या इतकं नीट मला कुठल्याही कागदात मिळालेलं नाही. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटोबरोबर आवाजही टाकता येतो. टाकत जा.

आत्ता माझ्याकडे डब्यात एक गाणारा नर आहे. आज रात्री काय करू?

मागच्या पायाला धरू नका, तो पाय सोडून देईल आणि नवा येणार नाही. जाळीच्या डब्यात एक फांदी, तो ज्या झुडपावर होता त्याची पानं आणि काकडीची चकती ठेवा. दुसरा कॅटीडिड त्याच डब्यात घालू नका, हेक्सासेंट्रससारखे काही कॅटीडिड शिकारी असतात आणि सकाळी एकच उरतो. डबा खोलीत ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करा, दिवा मालवा. नवीन जागेत तो तासभर गप्प राहील. वाट बघा. गायला लागला की रेकॉर्डर चालू करून निदान दहा मिनिटं तसाच ठेवा, आणि शेवटी तापमान व वेळ बोला. उजेडी चार फोटो काढा. मग मला फोन करा, रात्रीचे बारा वाजले असले तरी. त्याला ठेवायचं की जिथून आणलात त्याच झुडपावर परत सोडायचं, ते गाणं ऐकून ठरवू.